आधी हात बॉनेटवर: जुनी गोल्फ जीटीआय घेतानाचा माझा अनुभव

पहिली गाडी बघायला गेलो तेव्हा मेहुण्याने मालकाशी हात मिळवण्याआधी बॉनेटवर तळहात ठेवला. "गरम आहे, भाऊजी," एवढंच म्हणाला. आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका, असं मी फोनवर दोनदा बजावलं होतं. मालक म्हणाला, जागा बदलून लावायची होती म्हणून जरा सुरू केली. गाडी चार पावलं सरकवली म्हणून पत्र्याला एवढी ऊब येत नाही.

खरं सांगायचं तर मला तेव्हा मेहुण्याचाच राग आला होता. गाडी समोर उभी. काळी, जाळीभोवती ती लाल रेघ, आत सीटवर चौकडीचं कापड. मी मनातल्या मनात चावी खिशात घालून मोकळा झालो होतो. म्हणूनच मेहुण्याला बरोबर नेलं होतं. त्याचा दिवस गाड्या उघडण्यात जातो, त्यामुळे गाडी दिसली की त्याच्या चेहऱ्यावरची माशीही हलत नाही.

मला हवी होती फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयची पाचवी पिढी. पहिली जीटीआय १९७६ची, १.६ लिटर, ११० पीएस (म्हणजे साधारण अश्वशक्ती) आणि वजन जेमतेम आठशे किलोच्या आसपास. तिच्या ५,००० गाड्या विकल्या तरी पुष्कळ झालं, असा कंपनीचा अंदाज होता, खपल्या लाखोंनी. आज ती संग्राहकांची गाडी झाली आहे. २००४ साली आलेली पाचवी मात्र अजून रोज चालवायची गाडी आहे. दोन लिटरचं टर्बो इंजिन, २०० पीएस, आणि १८०० आरपीएमपासूनच २८० न्यूटन-मीटर टॉर्क. पण वयाचं गणित सोपं आहे. अशी गाडी आतापर्यंत तीन-चार हातांतून गेलेली असते, आणि त्यातला एक तरी हात विशीतल्या पोराचा असतो. साधी हॅचबॅक म्हातारी होते ती वापरामुळे. ही त्याशिवाय हौसेमुळेही होते.

गरम बॉनेटवर परत येतो. इंजिन थंड असताना जे बोलतं ते तापल्यावर लपवतं. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. जुन्या पद्धतीत ते इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरून जायचं आणि जाता जाता व्हॉल्व्ह धुऊन काढायचं. इथे ती धुलाई होत नाही. इंजिनातून परत येणारी तेलकट वाफ व्हॉल्व्हवर बसते, भाजते, आणि वर्षांमागून वर्षं काळा थर चढत जातो. थर जाड झाला की सकाळच्या पहिल्या स्टार्टला इंजिन अडखळतं, एखाद्या सिलिंडरचा ठोका चुकतो. पाच मिनिटांनी सगळं सुरळीत. म्हणजे मालकाने तुमच्या आधी गाडी तापवली, तर तुम्हाला दिसते ती फक्त सुरळीत गाडी. स्टार्ट होताना सायलेन्सरमधून निघणारा निळसर धूर, पहिल्या काही सेकंदांतली टकटक, थंड असताना नीट न सुटणारा क्लच, यांचंही तसंच.

मेहुण्याने खिशातून स्कॅनर काढून स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला. एकही फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाची नोंद, नाही. मालक खूश. मेहुणा पुढच्या पानावर गेला, आणि हे पान मला आधी माहीतच नव्हतं. कोड पुसल्यावर गाडीचा कॉम्प्युटर आपल्या चाचण्या पहिल्यापासून सुरू करतो आणि त्या पूर्ण व्हायला ठरावीक तऱ्हेचं ड्रायव्हिंग व्हावं लागतं. तोवर त्यांच्यापुढे 'अपूर्ण' असं दिसतं. इथे अर्ध्याहून अधिक अपूर्ण होत्या. शिवाय कोड पुसल्यापासून गाडी किती चालली याचाही आकडा असतो. तो होता ९ किलोमीटर. पाटी त्याच दिवशी पुसलेली होती. पुसण्याआधी तिच्यावर काय लिहिलं होतं, हे आम्ही विचारलं नाही.

दुसरी गाडी याच्या अगदी उलट. मालक दिलखुलास, गाडी झकपक. सस्पेन्शन खाली केलेलं, एअर फिल्टर उघडा, सॉफ्टवेअर रिमॅप केलेलं, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेलं, आणि हे सगळं त्याने आपणहून सांगितलं. रिमॅपला माझी तत्त्वतः हरकत नाही. चांगल्या माणसाने केलेला रिमॅप हे इंजिन निमूट सोसतं. पण कोणी केला, कधी केला, मूळ फाइल आहे का, या तिन्ही प्रश्नांवर उत्तर एकच: "आधीच्या मालकाने केलंय."

इथे मी टायरपाशी बसलो, आणि माझ्या मते जुन्या हॉट हॅचचा, म्हणजे अशा ताकदवान हॅचबॅकचा, खरा पंचनामा टायरपाशीच होतो. पुढचे दोन एका कंपनीचे, मागचे दोन दोन वेगळ्याच. ज्याने हजारो किलोमीटर जोरात चालवलेल्या गाडीला मिळेल तो टायर लावला, त्याने ऑइल कोणतं भरलं असेल? टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागचा एक टायर मालकाच्या थोरल्या मुलाच्या वयाचा निघाला. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं, तर बाहेरची नक्षी शाबूत आणि आतली कडा गुळगुळीत. गाडी खाली केल्यावर चाकांची अलाइनमेंट कोणी केलीच नव्हती. नाहीतर सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश गेलेले होते. कदाचित दोन्ही.

मग ट्रायल. मेहुण्याने सांगितलेली क्लचची परीक्षा अशी: मोकळा, सरळ रस्ता बघायचा, वरच्या गिअरमध्ये हळू वेगाने यायचं आणि ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबायचा. टर्बो भरला की सगळा टॉर्क क्लचवर येतो. मी चौथ्या गिअरमध्ये दाबला. आरपीएमचा काटा टुणकन वर गेला, वेगाचा काटा मात्र जागेवरच. क्लच घसरत होता. परत आल्यावर न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीचा क्लच सोडला की खालून खडखड येई आणि दाबला की बंद होई. दोन भागांच्या फ्लायव्हीलच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या की बहुधा असाच आवाज येतो. म्हणजे क्लच आणि फ्लायव्हील दोन्ही, आणि गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी वेगळी. माणूस मला आवडला. गाडी तिथेच सोडली.

डीएसजी, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी मी मुद्दाम टाळली. ती वाईट असते म्हणून नाही. तिच्या सहा गिअरच्या बॉक्समधले क्लच तेलात बुडालेले असतात आणि ते तेल व फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलावे लागतात. त्याच्या पावत्या एकाकडेही मिळाल्या नाहीत.

तिसरी गाडी फोटोत इतकी निस्तेज होती की मी ती दोनदा बघून पुढे गेलो होतो. करडा रंग, दारावर पार्किंगमधले ओरखडे, १,७१,००० किलोमीटर, सहा गिअरची मॅन्युअल. पण फोनवर मालकाने स्वतःच सांगितलं: सकाळी पहिल्यांदा सुरू केली की थोडी थरथरते, एसी कमी गार करतो, आणि मागची एक खिडकी कधी कधी खाली जात नाही. पाच मिनिटांत तीन खोड्या! मेहुणा म्हणाला, उद्याच जाऊ.

बॉनेट गार. पाना लागून बॉनेटच्या बिजागरीच्या आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग उडालाय का, ते आधी पाहिलं. कुठेच उडालेला नव्हता. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र सगळीकडून फिरवलं. कंपनीचा रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनचा असतो. मागचं डावं दार सोडून सगळं त्या घरात. दारावर आकडा पाचशेच्या वर, म्हणजे खाली पुट्टी. मालक म्हणाला, हो, खांबाला घासली होती, ही घ्या पावती. ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड झिजलेली, पेडलची रबरं झिजलेली, आणि ती झीज त्या किलोमीटरला शोभेल एवढीच. फायलीत ऑइल बदलाच्या पावत्या ओळीने लावलेल्या.

गाडी सुरू झाली, दोन-तीन सेकंद टकटकली, थरथरली, मग शांत झाली. कोणताही धूर नाही. स्कॅनरवर मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरचा ठोका चुकल्याचा, जुना कोड होता आणि तो पुसलेला नव्हता, याचाच आम्हाला आनंद झाला.

टायमिंग बेल्टची पावती मात्र नऊ वर्षांपूर्वीची होती. किलोमीटर फार झाले नव्हते, पण रबराला किलोमीटर मोजता येत नाहीत, ते वर्षं मोजतं. बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो, तेव्हा तो सोबतच बदलायचा. हे आम्ही खर्चाच्या यादीत पहिलं लिहिलं.

राहिला कॅम फॉलोअर. हे या इंजिनाचं खास प्रकरण आहे, म्हणून जरा सविस्तर. पेट्रोलचा हाय-प्रेशर पंप इनटेक कॅमशाफ्टच्या, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, टोकाला बसवलेला असतो. कॅम (कॅमशाफ्टवरचा उंचवटा) आणि पंपाचा दांडा यांच्यामध्ये पोलादाची एक छोटी वाटी असते, शिंप्याच्या अंगुस्तानाची थोरली बहीण म्हणा. कॅम तिला सतत ठोकत असतो. तिच्या तळावर कडक काळा लेप असतो. तो आधी झिजतो, मग पोलाद झिजतं, आणि तरीही कोणी बघितलं नाही तर तळाला भोक पडतं. त्यानंतर कॅम थेट पंपाच्या दांड्यावर चालतो. वाटी स्वस्त, कॅमशाफ्ट महाग. बाहेरून ना आवाज, ना लक्षण. उघडल्याशिवाय कळतच नाही.

मालकाने परवानगी दिली, आणि थोडी आगाऊ रक्कम देऊन गाडी आम्ही मेहुण्याच्या शेडमध्ये आणली. त्याने आधी लाइनमधलं प्रेशर उतरवलं, फडकं धरलं, पंपाचे तीन बोल्ट सोडले. चिमट्याने वाटी बाहेर आली, तेलाने चमकत. पुसून दिव्याखाली धरली. काळ्या तळाच्या मध्यभागी एक चंदेरी वर्तुळ उमटलं होतं, करंगळीच्या नखाएवढं. त्याच्या काठावरून नख फिरवलं, अडकलं नाही. "लेप गेलाय, धातू गेलेला नाही," मेहुणा म्हणाला. मग मोबाइलचा टॉर्च भोकात धरून कॅमकडे बघत राहिला, बराच वेळ. कॅमवर ओरखडा नव्हता. तेव्हा कुठे तो पहिल्यांदा हसला.

बेल्ट, वॉटर पंप, चार टायर, नवी वाटी आणि व्हॉल्व्हची सफाई, एवढ्याचा खर्च कागदावर मांडला आणि मालकापुढे ठेवला. त्याने अर्ध्याहून थोडा जास्त वळता केला. मीही फार ताणलं नाही. कार्बन काढताना अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या दाबाने व्हॉल्व्हवर मारतात. निघालेली काजळी बघून चहाच्या गाळण्याची आठवण झाली. सकाळची थरथर गेली. टर्बोच्या खालच्या बाजूच्या डायव्हर्टर व्हॉल्व्हचं रबर चिरलेलं निघालं, तेही बदललं. ते चिरलं की दाब गळतो आणि गाडी नुसती सुस्त वाटते. वेगळं काही चालवून पाहिलेलं नसेल तर तेच खरं वाटतं.

हे सगळं तपासून फुशारकीने फिरत होतो, तेव्हा एक गोष्ट राहून गेली. या पिढीच्या पुढच्या फेंडरच्या आत, चाकाच्या प्लॅस्टिक आवरणामागे, आवाज कमी करायला फोमचा तुकडा कोंबलेला असतो. तो पाणी धरून ठेवतो आणि पत्रा आतून गंजतो. टायर बदलताना मेहुण्याने सहज आवरण सोडवलं आणि उजव्या बाजूचा फोम बाहेर ओढला. ओला, काळा, पिळल्यावर चिखल गळणारा. फोममागच्या पत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं तर ते सरळ आरपार. रंगाचं यंत्र बाहेरून शंभर-दीडशे मायक्रॉनच दाखवत होतं, कारण बाहेरचा रंग कंपनीचाच होता. मेहुणा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "डावीकडचंही काढ."