मिरीच्या एका दाण्याचं भाडं

चिपळूणहून निघताना आई दर खेपेला बॅगेत काळ्या मिरीची पुडी कोंबते. परसातल्या सुपारीवर चढलेल्या वेलाची मिरी. "अगं, तिकडे मिळते सगळीकडे" म्हणून सुटका होत नाही. चार वर्षांपूर्वी त्यातले पंचवीस दाणे मोजून मी हिंगाच्या रिकाम्या डबीत भरले आणि इंग्लंडमधल्या आमच्या शहराच्या काउन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचेरीत घेऊन गेले. त्या दिवशी आमच्या वाचनालयाच्या भाडेपट्ट्यावर सह्या व्हायच्या होत्या. मुदत पंचवीस वर्षं. भाडं वर्षाला मिरीचा एक दाणा, तोही मागितला तरच.

थट्टा नाही. इंग्लंडमध्ये एखादं शहर आपली इमारत धर्मादाय संस्थेला नाममात्र भाड्यानं देतं तेव्हा कागदावर खरोखरच 'एक पेपरकॉर्न' असं लिहितात. इथे साध्या कराराला नुसतं वचन पुरत नाही, बदल्यात काहीतरी द्यावंच लागतं, मग ते कितीही क्षुल्लक असो. सुपारी फुटली की लग्न ठरलं, तशातली गत. १९५९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे इथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे, एक मजेदार खटला आला होता. चॉकलेटची तीन रिकामी वेष्टनं आणि थोडे पैसे पाठवा, गाण्याची रेकॉर्ड घ्या, अशी योजना होती. शेवटी केराच्या टोपलीतच जाणारी ती वेष्टनं किमतीत धरायची का? बहुमतानं धरली. त्यातल्या एका न्यायमूर्तींचं म्हणणं असं की, घेणाऱ्याला मिरी आवडत नाही आणि तो दाणा फेकून देणार आहे हे सिद्ध झालं, तरी मोबदला तो मोबदलाच.

केंट परगण्यातल्या सेव्हनओक्स गावचा क्रिकेट क्लब तिथल्या टाउन काउन्सिलला वर्षाला दोन दाणे देणं लागतो, एक मैदानाचा आणि एक पॅव्हेलियनचा. बर्म्युडात तर सेंट जॉर्ज गावातल्या जुन्या स्टेट हाउसचं भाडं म्हणून फ्रीमेसन या जुन्या बंधुसंस्थेची मंडळी दरवर्षी चांदीच्या तबकात, मखमलीच्या उशीवर एक दाणा ठेवून गव्हर्नरसाहेबांना समारंभानं अर्पण करतात. आमच्या परसात पावसाळ्यात असे दाणे पायाखाली येतात.

आमचं शहर उत्तरेकडचं, कापडगिरण्यांच्या काळात भरभराटलेलं. वाचनालयाची इमारत दगडी, मागे बाग, दारावर शहराचं बोधचिन्ह कोरलेलं. मी इथे आले तेव्हा नोकरी नव्हती आणि मुलगी दोन वर्षांची होती. दर मंगळवारी सकाळी तिथे लहान मुलांची गाणी असायची. या देशात आपणहून मला नावानं हाक मारणारी पहिली व्यक्ती म्हणजे तिथली ग्रंथपालबाई. त्यामुळे ही शाखा बंद होणार अशी नोटीस दारावर लागली तेव्हा घरातलंच कुणीतरी आजारी पडल्यासारखं वाटलं.

१९६४ च्या कायद्यानं इथे वाचनालयं चालवणं हे काउन्सिलचं कर्तव्य आहे. पण किती शाखा आणि कुठे, हे कायदा सांगत नाही. २०१० नंतर लंडनहून येणारा पैसा आटत गेला आणि कात्री पहिल्यांदा शाखांवर चालली. लंडनमधल्या केन्सल राइजचं वाचनालय मार्क ट्वेननं १९०० साली उघडलं होतं. २०११ मध्ये तिथल्या काउन्सिलनं ते बंद केलं, आणि पुढच्या वर्षी भर रात्री पोलीस बंदोबस्तात आतली पुस्तकं हलवली. जागा मुळात ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजनं वाचनालयासाठी दिलेली, त्यामुळे वाचनालय गेल्यावर इमारत परत कॉलेजकडे गेली. गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं झगडून तळमजल्यावरची थोडी जागा पुन्हा वाचनालयासाठी मिळवली.

आमच्याकडे एवढं रामायण झालं नाही. चर्चच्या सभागृहात बैठक झाली. काउन्सिलनं सांगितलं की चालवायची हौस असेल तर तुम्ही चालवा, इमारत देतो. शेजारपाजारची मंडळी खिन्न होती. "आता वाचनालयसुद्धा भिकेवर चालवायचं!" असं एक आजी म्हणाल्या. मला मात्र गंमत वाटली. आपल्याकडे वाचनालय म्हणजे कार्यकारिणी, कार्यवाह, वर्गणी, जोडीला १९६७ च्या कायद्याखालचं अनुदान. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं, आणि ते कधी सरकारी खातं नव्हतं. बाबा संध्याकाळी कामावरून परस्पर तिथे जायचे. मी बैठकीत हात वर करून म्हटलं, "आमच्या गावात दीडशे वर्षं असंच चालतं." त्या एका वाक्यापायी मी विश्वस्त मंडळात जाऊन पडले.

मग कळलं की मिरीचा दाणा हे आमिष आहे, गळ पुढे आहे.

भाडेपट्ट्याचा मसुदा आला बावन्न पानांचा. भाड्याचं कलम दीड ओळीचं, बाकी सगळं दुरुस्तीचं. छप्पर आमचं, पन्हळी आमच्या, बॉयलर आमचा, विमा आमचा, आणि पंचवीस वर्षांनी इमारत 'चांगल्या अवस्थेत' परत करायची. आज ती तशी आहे का, याबद्दल कागद गप्प. आमचे अध्यक्ष निवृत्त बसड्रायव्हर, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे म्हातारी गाय आपल्याला दान, आणि मेली तर गोहत्या आपल्या माथी." शब्द थोडे वेगळे होते. मराठी मी केलं.

खजिनदारबाई हाडाच्या हिशेबनीस. त्यांच्या आग्रहावरून आम्ही एका सर्व्हेयरला पैसे देऊन इमारत दाखवली आणि प्रत्येक भेगेचा, ओलीच्या प्रत्येक डागाचा तारखेसकट फोटो भाडेपट्ट्याला जोडायला लावला. यामुळे इमारत मिळाली त्यापेक्षा चांगली करून देण्याची जबाबदारी आमच्यावर येत नाही. नवी संस्था काढणाऱ्या कुणालाही मी आज पहिली हीच गोष्ट सांगते. दुसरी अशी की आधी संस्था सीआयओ म्हणून, म्हणजे स्वतःच्या नावावर करार करू शकणारी धर्मादाय संस्था म्हणून, नोंदवून घ्या. २०१३ पासून हा प्रकार मिळतो. नाहीतर भाडेपट्टा विश्वस्तांच्या नावावर होतो आणि छप्पर पडलं तर बसड्रायव्हरच्या घरावर टाच येऊ शकते.

खरी झटापट मुदतीवर झाली. काउन्सिल सात वर्षांच्या वर जाईना. का, ते खजिनदारबाईंनी शोधून काढलं. १९७२ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याचं १२३ वं कलम सांगतं की सार्वजनिक जमीन-इमारत मिळू शकेल त्या सर्वांत चांगल्या किमतीलाच द्यायची. सात वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला हे बंधन नाही, म्हणून अधिकाऱ्यांना तेवढाच बरा. पण २००३ च्या एका सरकारी आदेशानं पळवाट, म्हणजे अगदी राजरोस वाट, करून ठेवली आहे. त्या भागाचं सामाजिक, आर्थिक किंवा पर्यावरणीय भलं होणार असेल तर २० लाख पौंडांपर्यंतचं नुकसान सोसून काउन्सिल जागा देऊ शकते, मंत्र्यांची वेगळी परवानगी लागत नाही. आमची इमारत त्या आकड्याच्या जवळपासही नव्हती. आम्हाला मुदत हवी होती ती हावरेपणानं नव्हे. सात वर्षांच्या भाडेपट्ट्यावर छपरासाठी मोठी देणगी कोण देणार? तुमचा हक्क निदान आपल्या पैशापेक्षा जास्त काळ टिकावा, एवढी अपेक्षा देणारा करतोच.

हे घोंगडं वर्षभर भिजत पडलं. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. प्रस्ताव समितीपुढे गेला तेव्हा इमारतीची किंमत, सोडून दिलेलं भाडं आणि त्या बदल्यात शहराला काय मिळणार, हे सगळं कागदावर, कुणीही वाचावं असं उघड होतं. याउलट मुंबईच्या रेसकोर्सच्या सार्वजनिक जागेचा भाडेपट्टा २०१३ ला संपला आणि नवं ठरायला २०२४ उजाडलं. मधली वर्षं ती जागा कुठल्या हक्कानं वापरात होती हे सामान्य मुंबईकराला विचारून बघा.

बर्मिंगहॅमला गेलात तर बॉल्सल हीथमधला मोझली रोड बाथ्स बघून या. १९०७ चा तरणतलाव, लाल विटांचा. घरी न्हाणीघर नसलेल्यांसाठी तिथे ४६ टबांच्या खोल्या होत्या आणि त्या २००४ पर्यंत वापरात होत्या! काउन्सिल तो बंद करणार होती, तर २०१८ मध्ये लोकांच्याच संस्थेनं तिथलं पोहणं चालवायला घेतलं. मी मुलीला घेऊन गेले होते. ती पाण्यात डुंबत होती आणि मी मान वर करून छताच्या लोखंडी कमानी बघत होते. हल्ली कुठल्याही इमारतीत शिरले की माझी नजर आधी छपराकडे जाते.

सह्या झाल्या त्याच फेब्रुवारीत गळती सुरू झाली. रात्री साडेदहाला अध्यक्षांचा फोन आला. दोन उतरणींमधल्या शिशाच्या पन्हळीत कबुतराचं घरटं अडकलं होतं आणि पाणी थेट बालविभागावर ठिबकत होतं. आम्ही सहा जण बादल्या, टॉवेल आणि कुणाच्या तरी बाथरूमचा पडदा घेऊन पोचलो. बाकीचे विनोद करत होते. मला जमत नव्हतं. २००५ च्या आणि २०२१ च्या पुरात वाचन मंदिरात पाणी भरलं होतं. भिजलेल्या पुस्तकाचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. चित्रांची तीस-चाळीस पुस्तकं वाया गेली, बाकीची आम्ही पानापानांत टिश्यू घालून रेडिएटरवर वाळवली. पन्हळ दुरुस्त करायचा खर्च त्या वर्षीच्या सगळ्या देणग्यांपेक्षा जास्त आला. भाड्याचा दाणा मात्र कुणी मागितला नव्हता.

डबीचं सांगायचं राहिलंच. सह्यांच्या दिवशी मी ती काउन्सिलच्या अधिकाऱ्यांपुढे सरकवली. "पंचवीस वर्षांचं आगाऊ." ते हसले, डबी उघडून हुंगली आणि हिंगाच्या वासानं एकदम मागे झाले. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "आम्ही मागणी केलेली नाही. स्वीकारता येणार नाही." डबी परत आली ती वाचनालयाच्या स्वयंपाकघरात, चहाच्या पुड्यांशेजारी राहिली. परवाच्या शनिवारी सूप करताना अध्यक्षांनी मीठ समजून झाकण उघडलं आणि पंचवीस वर्षांचं भाडं पातेल्यात गेलं.