खडूचं वर्तुळ

(२०२०, कोरोनाच्या लॉकडाऊनमधली नोंद)

"ओ, तुम्ही जरा तिकडे लांब उभ्या राहा."

आज सकाळी किराणा दुकानाबाहेरच्या रांगेत माझ्या पुढचे काका हे बोलले, आणि तेही मास्क हनुवटीवर ओढून. ज्यांना बोलले त्या ताई आमच्या सोसायटीचा कचरा न्यायला येतात, लॉकडाऊन लागल्यावरही एक दिवस चुकला नाही त्यांचा. त्या दुकानदाराने आखलेल्या खडूच्या वर्तुळातच उभ्या होत्या, बरोब्बर मधोमध, हातात रिकामी पिशवी. काकांचा एक पाय मात्र वर्तुळाबाहेर.

ताई काही बोलल्या नाहीत. गपचूप मागच्या वर्तुळात गेल्या. पायात रबरी चप्पल, तोंडाला ओढणी, कारण मास्क कुठेच मिळत नाहीयेत, मिळाले तरी परवडायला हवेत ना.

२२ मार्चला संध्याकाळी ५ वाजता याच काकांनी गॅलरीत उभं राहून जोरजोरात थाळी वाजवली होती, मी पण वाजवली होती, मनापासून. डॉक्टर, नर्स, पोलीस, सफाई कामगार सगळ्यांसाठी होती ना ती? अंतर ठेवायचं ते व्हायरसपासून, मग ते नेमकं कचरा उचलणाऱ्या माणसापासूनच जास्त का लागतं आपल्याला?

मीसुद्धा तेव्हा गप्पच राहिले, दिवसभर तेच डोक्यात आहे. उद्या गाडी आली की खाली जाऊन ताईंशी बोलणार आहे, घरी शिवलेले दोन मास्क आहेत ते देते. घेतील ना त्या?