प्रश्न घेऊन चर्च शोधताना

मी सुरुवात चुकीच्या टोकाने केली. कुठला पंथ काय मानतो, याचे तक्ते केले. त्यावरून चर्च कळत नाही. दारातून आत जावं लागतं, आणि एकाच ठिकाणी निदान तीन रविवार. एखाद्या रविवारी पाहुणा उपदेशक असतो, एखाद्या रविवारी सण. शिवाय बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, महिन्यातून एकदाच असतं.

दहा मिनिटं आधी पोहोचा आणि मागून तिसऱ्या-चौथ्या रांगेत कडेला बसा. कधी उठायचं, कधी बसायचं, हे पुढच्यांकडे बघून जमतं. कॅथलिकांची रविवारची मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, साधारण तासाभराची. ऑर्थोडॉक्स उपासना दीड-दोन तास चालते आणि त्यातला बराच वेळ उभं राहावं लागतं.

अवघडायला होतं ते दोनदा. एक, प्रभुभोजनाच्या वेळी. रांग उठते, शेजारीण तुमच्याकडे बघत थांबते. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ते सहसा आपल्याच लोकांपुरतं असतं. मेथडिस्टांसारख्या काही ठिकाणी सगळ्यांना बोलावतात. ठाऊक नसेल तर गुडघे बाजूला वळवून तिला वाट द्यायची आणि बसून राहायचं. बऱ्याच कॅथलिक चर्चमध्ये दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरून पुढे गेलं की फादर नुसता आशीर्वाद देतात.

दुसरा प्रसंग विश्वासांगीकाराचा, म्हणजे ‘आम्ही काय मानतो’ हे सगळ्यांनी उभं राहून एकत्र म्हणण्याचा. न पटणारी ओळ मोठ्याने म्हणायची का? मी गप्प उभी राहते. निकेयाचा विश्वासांगीकार (निकेया इथल्या धर्मसभेने 325 मध्ये ठरवलेला, पुढे 381 मध्ये वाढवलेला) मूळ ग्रीकमध्ये ‘आम्ही विश्वास ठेवतो’ असा आहे, ‘मी’ असा नाही. एका ओळीला एखादी गप्प राहिली तरी बाकीचे ती म्हणत असतात.

नवागतांच्या कार्डावर पहिल्याच दिवशी फोन नंबर देऊ नका. नाव पुरतं. नाहीतर पुढचे चार दिवस मेसेज येत राहतात आणि जायचं की नाही, हे आपलं आपल्याला ठरवता येत नाही.

तिसऱ्या आठवड्यानंतर पाळकांची वेळ मागा. भेट दार उघडं ठेवून किंवा एखाद्या बाईसोबत व्हावी, हे आधीच सांगा. त्यावर कुणी दुखावलं तर तेवढंही पुरेसं उत्तर आहे. विचारायचं ते थेट: इथे बायका उपदेश करतात का? (कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये स्त्रिया धर्मगुरू होत नाहीत, अँग्लिकन, लुथरन, मेथडिस्टांत पुष्कळ ठिकाणी होतात.) पैशांचा हिशेब मंडळीपुढे मांडतात का? आणि माझा आवडता प्रश्न, कोणत्या गोष्टीवर तुमच्यातच एकमत नाही? ‘अशी गोष्टच नाही’ म्हणणाऱ्यांकडे मी परत जात नाही. ‘शंका हा सैतानाचा डाव’ म्हणणाऱ्यांकडे तर नाहीच. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात येशू पुन्हा जिवंत झाल्याचं ऐकून त्याचा शिष्य थोमा ‘मी मानणार नाही’ असं सरळ म्हणतो, आणि आठ दिवसांनी त्याच शिष्यांबरोबर घरात असतो. त्याला कुणी बाहेर काढलेलं नसतं.

बाप्तिस्म्याची घाई कुणी केली तर थांबा. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढांची तयारी कित्येक महिने चालते आणि बाप्तिस्मा बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्री होतो. मध्येच थांबायची मुभा असते. पहिल्या भेटीतच ती विचारून घ्या.