गच्चीबाग, नोंद ७: गळती सापडली, लॉन रद्द

गच्चीखालच्या छतात पंख्याच्या पेटीभोवती आलेल्या ओल्या डागावर मागच्या दोन नोंदी खर्ची पडल्या होत्या. त्याचं मूळ तिथून साडेतीन मीटर लांब निघालं: गच्चीचं पाणी खाली नेणाऱ्या ११० मिमी आउटलेट पाइपच्या गळ्याशी, म्हणजे पाइप स्लॅबमध्ये शिरतो तिथे. पाणी गळ्यातून कोब्याखाली (स्लॅबवरच्या विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या थराखाली) शिरतं, विटांच्या तुकड्यांमधून स्लॅबवर पसरतं आणि वायरिंगच्या कंड्युटमधून (वायरींच्या नळीतून) वाट सापडेल तिथे खाली उतरतं. म्हणूनच डागाच्या बरोबर वरचा कोबा फोडून बहुतेक वेळा काही हाती लागत नाही. छताला खालून पुट्टी मारणं तर निव्वळ पैसे घालवणं.

शोधाची पद्धत सविस्तर देतो, कारण सगळा वेळ इथेच गेला. ८ × ५ मीटर गच्चीचे १:६ सिमेंट-वाळूच्या मालाच्या १० सेंमी बांधांनी तीन कप्पे केले, आउटलेटला बूच मारलं आणि एका वेळी एकाच कप्प्यात ५ सेंमी पाणी ४८ तास ठेवलं. ५ सेंमी म्हणजे चौरस मीटरला ५० किलो. त्याहून जास्त भरू नका. पहिले दोन कप्पे कोरडे ठरले. तिसऱ्यात, म्हणजे आउटलेटच्या कप्प्यात, १४ तासांत डाग गडद झाला.

इथे दोन गोष्टी फसवतात. मे महिन्यात पुण्याच्या उन्हात दिवसाला ८-१० मिमी पाणी सहज आटतं, त्यामुळे पातळी उतरली म्हणजे गळतीच, असं नाही. शेजारी उथळ टबात पाणी ठेवा आणि दोन्हीकडची घट पट्टीने मोजा. दुसरं म्हणजे कोबा पाणी धरून ठेवतो. गच्ची रिकामी केल्यावरही डाग आठवडाभर ओला राहतो. दोन चाचण्यांमध्ये किमान आठ दिवस सोडले नाहीत, तर निर्दोष कप्पाही दोषी दिसतो.

तिसऱ्या कप्प्यात दोष फरशीचा की गळ्याचा? आउटलेटभोवती ३० सेंमी त्रिज्येचा गोल बांध घातला. आधी आतला भाग कोरडा ठेवून बाहेर पाणी भरलं: ४८ तास काही नाही. मग फक्त आत भरलं आणि डाग आला. प्रश्न संपला.

कारण जुनंच आहे. पीव्हीसीला सिमेंट धरत नाही. माल आकसला की पाइपभोवती केसाएवढी फट पडते. दुरुस्तीसाठी ४० × ४० सेंमी कोबा छिन्नी-हातोड्याने स्लॅबपर्यंत काढला (ब्रेकर मशीन पाइपजवळ नको, गळाच तडकतो). पाइप ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासला, त्यावर सॉल्व्हंट सिमेंट (पीव्हीसी जोडायचा डिंक) लावून लगेच जाड कोरडी वाळू भुरभुरवली. २४ तासांनी हा खरखरीत थर ग्राउटला (फटीत ओतायच्या पातळ मालाला) घट्ट धरतो. भोवती २५ मिमी जागा ठेवून नॉन-श्रिंक (न आकसणारं) ग्राउट ओतलं. त्यावर दोन घटक कालवून लावायच्या जलरोधक कोटिंगचे दोन हात आडवे-उभे, मध्ये फायबर जाळी, आणि जाळी पाइपच्या तोंडात ५ सेंमी आत वळवलेली. तोंड भोवतालपेक्षा १५ मिमी खाली. कोटिंगचा अर्धाच पॅक कालवायचा असेल तर दोन्ही घटक वजनकाट्यावर तोला. अंदाजाने कालवलेलं कोटिंग चिकट राहतं किंवा भुगा होतं. सुटं कोटिंग विकणाऱ्या दुकानातून घेऊच नका. सीलबंद डबा घ्या, तारीख पाहा.

निकाल: ७२ तासांत टबात २६ मिमी घट, गच्चीवरही २६. छत कोरडं. हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहिताना फार आनंद झाला.

आता खर्चाचं. आराखड्यात २० चौ.मी. लॉन होतं, ते रद्द. १५ सेंमी माती म्हणजे ३ घनमीटर, भिजल्यावर सुमारे ५ टन, चौरस मीटरला २५० किलो. वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी आयएस ८७५ मध्ये (इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक) धरलेला चल भार, म्हणजे माणसं-सामान यांचा भार, चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास आहे. शिवाय खाली गळती झाली तर १२ लिटरची अडीचशे घमेली उपसायची आणि परत भरायची. घर विकताना गिऱ्हाईक आधी छताकडे बघतं, लॉनकडे नंतर. गच्चीवर पैसा आधी स्लॅबवरच्या कामाला, आणि झाडं अशी की तासाभरात हलवता येतील. त्यामुळे १५ × १५ इंची ग्रो-बॅगा, तुळयांच्या रेषेवर, १० सेंमी उंच लोखंडी स्टँडवर. खालून झाडू फिरला पाहिजे आणि कोबा दिसला पाहिजे, नाहीतर पिंपळाचं रोप मूळ धरेपर्यंत कळत नाही. बॅगांमधलं मिक्स आधीचंच, टक्क्यांत: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ४०, गांडूळखत ३०, लाल माती २०, भाताचं तूस १०. कोकोपीट दोनदा भिजवून पिळा; मागच्या वेळची कोकोपीटची वीट खारट निघाली आणि पालकाची पानं कडेने जळली.

हे लिहिताना एक सुचलं. लॉनचे वाचलेले पैसे ठिबकच्या टायमरला जाणार होते, पण जिन्यावरच्या १० चौ.मी. स्लॅबचं पाणी सध्या नुसतं गच्चीवर पडतं. तिथे पन्हळ लावली तर २० मिमी पावसात २०० लिटरचा ड्रम भरतो, आणि तेवढंच पाणी आउटलेटवर कमी येतं. भरलेला ड्रम २०० किलोच्या वर जातो, म्हणून जागा कॉलमच्या डोक्यावरच. टायमर पुढे ढकलला. या आठवड्यात पन्हळीची मापं आणि ड्रमच्या ओव्हरफ्लोचा पाइप.