सांध्यातली शिट्टी

ह्यांच्या दोन्ही फुप्फुसांचं प्रत्यारोपण होऊन तीन महिने झाले होते. नौपाड्यातल्या आमच्या घरी रात्री टीव्ही लवकर बंद होतो, कारण ह्यांचा श्वास ऐकत झोपायची सवय मला आजारपणातच लागली. एका रात्री श्वास सोडताना बारीक आवाज आला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुरसुरते ना, तसा. उठवून विचारलं तर म्हणाले, "मला काही होत नाहीये. झोप तू."

त्यांना खरंच काही होत नव्हतं. प्रत्यारोपणात फुप्फुसाच्या संवेदना नेणाऱ्या नसा कापल्या जातात, त्या जोडत नाहीत. त्यामुळे श्वासनळीच्या टाक्यांच्या खाली कफ साचला तरी खोकल्याची उबळ येत नाही. घरच्या माणसांना ही गोष्ट अगदी पहिल्या दिवशी सांगायला हवी, असं मला कळकळीने वाटतं. पेशंट "बरं आहे" म्हणतो आणि आपण निश्चिंत होतो.

सकाळी वही काढली. रोज चहाच्या आधी हे स्पायरोमीटरमध्ये फुंकतात आणि पहिल्या सेकंदात किती लिटर हवा बाहेर पडली ते मी लिहिते. २.१४, २.१०, २.०२, १.९३, १.८६. रोजचा फरक एवढासा, म्हणून माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दहा टक्क्यांहून जास्त घसरण टिकली तर कळवा, असं आम्हाला बजावलेलं होतं. लगेच फोन केला.

श्वासनळीत दुर्बीण घालून पाहिलं, तर उजवीकडचा सांधा, म्हणजे दात्याची श्वासनळी ह्यांच्या नळीला जिथे जोडली ती जागा, आवळला होता. डॉक्टरांनी फोटो दाखवला. गुलाबी नळी, मध्येच पांढुरका वण, त्यातून डोकावणारा निळा टाका, आणि भोक पेन्सिलीएवढं. वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं लेथवर काढलेला माणूस, ह्यांनी लगेच विचारलं, "सांधा गळत तर नाही ना?"

गळत नव्हता, आणि ते आमचं नशीब. फुप्फुसाच्या मोठ्या रक्तवाहिन्या जोडतात, पण श्वासनळीच्या भिंतीला रक्त देणाऱ्या बारीक रोहिण्या सहसा जोडत नाहीत. पहिले काही आठवडे दात्याच्या नळीचं टोक फुप्फुसाकडून उलट वाटेने येणाऱ्या, ऑक्सिजन कमी असलेल्या रक्तावर तगतं. म्हणून सर्जन ते टोक शक्य तितकं आखूड ठेवतात. रक्त कमी पडलं तर कुठे भिंत मरते, कुठे सांधा उकलतो, कुठे बुरशी धरते, आणि भरून येताना वण आकसला की नळी अरुंद होते. १९६३ साली अमेरिकेत जेम्स हार्डी यांनी माणसात पहिलं फुप्फुस बसवलं, तो रुग्ण १८ दिवस जगला. त्यानंतरची वीस वर्षं किती जण ह्याच सांध्याने नेले! १९८३ मध्ये टोरांटोत जोएल कूपर यांच्या चमूला यश आलं, तेव्हा त्यांनी सांध्याभोवती पोटातला चरबीचा पडदा गुंडाळला होता, तिथे रक्त पोचावं म्हणून.

ह्यांचा सांधा फुग्याने रुंद केला. दुर्बिणीतून मिटलेला फुगा आत नेतात, पाण्याने फुगवतात, थोडा वेळ धरतात, काढतात. एकदा करून भागत नाही, वण पुन्हा आवळतो. आमचं तीनदा झालंय. स्टेंट, म्हणजे सांधा उघडा ठेवणारी छोटी नळी, आत बसवायचा विषय निघाला होता. पण त्यात कफ अडकतो, आजूबाजूला मांस वाढतं, म्हणून तो तूर्त मागे ठेवलाय.

घरात बरंच बदललं. मातीत अ‍ॅस्परजिलस बुरशी असते, म्हणून बाल्कनीतली तुळस शेजारच्या वहिनींकडे गेली. बत्तीस वर्षं घातलेलं पाणी सुटलं, त्या दिवशी मी रडले. वहिनी रोज सकाळी आमच्या वतीने दिवा लावतात.

वहीत आज २.०९ आहे. रात्री दिवा मालवला की हे स्वतःच पाठ करतात आणि विचारतात, "ऐक बरं, वाजतंय का?" मी उजव्या खांद्याखाली कान लावते. मंगळवारी पुन्हा दुर्बीण आहे. पहाटे साडेपाचला निघायचं ठरवलंय, म्हणजे आनंदनगर नाक्याची गर्दी टळेल.