परदेशी भाषा निवडताना: माझा अनुभव

एखादी तरी परदेशी भाषा अशी यावी की समोरच्याशी तासभर गप्पा मारताना शब्दासाठी अडायला होऊ नये, ही माझी कॉलेजपासूनची इच्छा. संसार, बाग आणि मुलांच्या शाळा या धबडग्यात ती मागे पडत गेली. दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड नाशकात, गंगापूर रोडला. यंदा एप्रिलची खरड छाटणी उरकली आणि मी मनाशी ठरवलं की आता भाषा नक्की करायचीच. हे ठरवायला बरेच महिने गेले. त्या काळात इतकं काही कळत गेलं की ते सविस्तर लिहावंसं वाटलं.

घरात विषय काढला आणि प्रत्येकाने आपापली भाषा पुढे केली. मुलगी अकरावीत आहे, जर्मनचा क्लास लावलाय. ती म्हणाली, "मम्मी, जर्मनच घे, तुझा अभ्यास मी घेईन." नाशकात जर्मनकडे ओढा असणं साहजिक आहे. सातपूरला बॉशचा कारखाना आहे, अंबड-सातपूरच्या वसाहतींमुळे घरोघरी इंजिनिअर आहेत, आणि पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेलेलं एखादं पोर आता प्रत्येक सोसायटीत सापडतं. जाऊबाईंचा मुलगा पुण्यात जपानी शिकतो, त्याचं मत अर्थात जपानीला. सासरे, म्हणजे आमचे नाना, यांनी सरळ व्यवहाराची गोष्ट सांगितली: "अगं, माल आपला हॉलंडला उतरतो, मग त्यांचीच भाषा शिक की."

नानांचं म्हणणं मी मनावर घेतलं. आपल्याकडून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांतला मोठा वाटा नेदरलँड्समध्ये, रॉटरडॅमच्या बंदरात उतरतो आणि तिथून इतर देशांत जातो. पण डच माणूस इंग्रजी फार सफाईने बोलतो. ईएफ या संस्थेच्या इंग्रजी येणाऱ्या देशांच्या यादीत नेदरलँड्स सलग काही वर्षं पहिल्या नंबरावर राहिलं आहे. कागदपत्रं, ई-मेल, मालाच्या तक्रारी, सगळं इंग्रजीतच चालतं. तिथे डच बोलले तर त्यांना आनंद होईल, पण न बोलल्याने माझं काही अडणार नाही.

जपानीवर मात्र माझा जीव जडला होता, आणि तिच्यावर मी सगळ्यात जास्त विचार केला. क्रियापद वाक्याच्या शेवटी, नामाला मागून जोडलेली अव्ययं, मोठ्यांशी बोलताना बदलणारी रूपं, हे सगळं मराठी माणसाला घरचंच वाटतं. त्यांच्या अक्षरांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ असा सुरू होतो आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व असा जातो. हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत आणि सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून तिथे रुजला, हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. अडचण लिपीची आहे. हिरागाना आणि काताकाना या दोन्हींची मूळ अक्षरं ४६-४६, ती चिकाटीने येतात, पण रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेल्या कांजी २,१३६ आहेत. शिवाय दरवर्षी जुलै आणि डिसेंबरमध्ये होणाऱ्या जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत बोलण्याची परीक्षाच नसते. मला तर बोलायचं होतं.

याच सुमारास अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचे आकडे वाचनात आले. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला कामापुरतं नीट बोलता-वाचता यायला स्पॅनिशसाठी साधारण ६०० ते ७५० तास वर्गात बसावं लागतं, जर्मनला त्याहून थोडं जास्त आणि जपानीला सुमारे २,२०० तास. हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. जपानीची वाक्यरचना इंग्रजी माणसाला उलटी वाटते, आपल्याला सुलटी वाटते. जर्मनमधली तीन लिंगं त्यांना छळतात, आपण तर तो, ती, ते म्हणतच मोठे झालो. म्हणून कोणतीही भाषा "अवघड" ठरवण्याआधी ती कोणाला अवघड, हे बघावं असं मी आग्रहाने सांगेन.

मनात फारसीही होती. मुघलांच्या काळात आपल्या नाशकाला गुलशनाबाद म्हणत. मराठ्यांच्या इतिहासाची कितीतरी साधनं फारसीत आहेत. ती मुळातून वाचता यावीत असं कोणाला वाटणार नाही? पण ती ओढ वाचण्याची होती, बोलण्याची नव्हती. फारसी मी पुढच्या आयुष्यासाठी राखून ठेवली आहे, आणि तिचा नाद सोडलेला नाही.

मग एका रात्री फवारणीच्या वहीच्या मागच्या पानावर मी एकच प्रश्न लिहिला: मला कोणाशी बोलायचंय? उत्तर लिहायला वेळ लागला नाही. मला द्राक्षबागायतदारांशी बोलायचंय. आमचं वर्ष द्राक्षाभोवती फिरतं. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी बहार छाटणी, मग पेस्टिंग (फूट यावी म्हणून औषध लावणं), फेलफूट म्हणजे नको असलेली फूट काढणं, डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी (जादा मणी काढणं), आणि मणी फुगवणीपासून काढणीपर्यंत आभाळाकडे डोळे. याबद्दल मी कोणाशीही, कितीही वेळ बोलू शकते. मग हेच काम करणारी माणसं जगात कुठे आहेत आणि ती काय बोलतात, हे शोधायला लागले.

पेरू आणि चिली. जानेवारी ते मार्च या काळात युरोपच्या बाजारात आमच्या मालाशेजारी त्यांचा माल उभा असतो. पेरूने रेड ग्लोबसारखा जुना माल कमी करून नव्या वाणांची लागवड झपाट्याने वाढवली आणि गेल्या काही वर्षांत निर्यातीत चिलीलाही मागे टाकलं. इकाच्या वाळवंटात त्यांनी ठिबकवर बागा उभ्या केल्या आहेत. उत्तरेला पिउरा नावाचा प्रांत आहे, तो विषुववृत्ताच्या जवळ. तिथला वेल आमच्या वेलासारखाच थंडीत पानगळ करून गाढ झोपत नाही. तोही छाटणी आणि हायड्रोजन सायनामाइड या फूट आणणाऱ्या औषधाच्या जोरावर जागा करावा लागतो. म्हणजे पिउराचा शेतकरी आणि दिंडोरीचा शेतकरी एकाच प्रश्नावर डोकं खाजवतायत, फक्त मध्ये समुद्र आहे.

एल निनोचं तर आणखीच. आमच्याकडे एल निनोचं वर्ष म्हटलं की पावसाची चिंता, विहिरी-बोअरची चिंता. पिउराला तेच वर्ष उलटं जातं. पेरूच्या किनाऱ्यालगतचा समुद्र तापतो आणि कोरड्या प्रदेशात पूर येतात. २०१७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पिउरा शहर पाण्याखाली गेलं होतं, ते तशाच तापलेल्या समुद्रामुळे. इकडे २०२३ मध्ये मोसमी पाऊस रुसला आणि २६ नोव्हेंबरला गारपिटीने निफाड-दिंडोरीच्या बागा झोडपल्या. हे दोघांनी एकमेकांना सांगायला नको का? कृषी अधिकारी आणि हवामानतज्ज्ञ ते सांगतातच. मला ते बागेत उभ्या माणसाच्या तोंडून ऐकायचंय.

स्पेनही यात आहे. आलिकांते प्रांतात विनालोपो नदीच्या खोऱ्यात घडांना कागदी पिशव्या घालतात. अळीपासून बचाव म्हणून सुमारे शंभर वर्षांपूर्वी हे सुरू झालं आणि आज तीच त्या मालाची ओळख आहे. आमच्याकडे थंडीत मणी गुलाबी पडू नयेत म्हणून बाया घडाघडाला पेपर लावतात, ते आठवलं. स्पेनमध्ये ३१ डिसेंबरच्या रात्री बाराच्या प्रत्येक ठोक्याला एक द्राक्ष खायची रीत आहे. त्या बारा द्राक्षांतली पुष्कळशी याच खोऱ्यातली असतात. आपला माल एखाद्या देशाच्या सणाचा भाग व्हावा, याहून बागायतदाराला काय हवं!

खरी चुरस शेवटी पोर्तुगीजशी झाली. ब्राझीलमध्ये पेट्रोलिना नावाचं गाव आहे, साव फ्रान्सिस्को नदीकाठी. तिथे थंडी नाहीच, त्यामुळे छाटणीची तारीख आपण ठरवायची आणि माल वर्षातून कधीही काढायचा. उष्ण कटिबंधातल्या द्राक्षाचं शिक्षण घ्यायचं तर ती पंढरीच. पण पोर्तुगीज घेतली तर द्राक्षाचा एकच मोठा मुलूख हाती येतो. स्पॅनिश घेतली तर पेरू, चिली, स्पेन, शिवाय मेक्सिकोचा सोनोरा. पुढे पोर्तुगीज शिकावीशी वाटलीच तर स्पॅनिशवरून तिकडे जाणं सोपं आहे. पानावर स्पॅनिश लिहिलं आणि खाली तारीख घातली.

नवऱ्याने विचारलं, "फोनवर भाषांतर होतं की आता, मग कशाला?" प्रश्न योग्य आहे. मी फोनवर पेरूच्या बागायतदारांचे व्हिडिओ भाषांतर लावून पाहते. काडी (वेलीची फांदी), डोळा (कोंब फुटायची जागा), ओलांडा (वेलीचा आडवा हात) असे धंद्याचे शब्द आले की ते भाषांतर गडबडतं, आणि नेमकं तेच मला हवं असतं. शिवाय फोन मध्ये धरून कोणी आपल्या नुकसानीची गोष्ट सांगत नाही.

नाशकात जर्मन-फ्रेंचचे क्लास सहज मिळतात, स्पॅनिशचा मला सोयीच्या वेळेत मिळाला नाही. म्हणून ऑनलाइन बाई शोधल्या, संध्याकाळची वेळ घेतली. उच्चार पटकन बसले. स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून, र खणखणीत, स्वर पाचच आणि प्रत्येक स्वच्छ. जे लिहिलंय ते वाचता येतं. "मी, तू" न म्हणता नुसत्या क्रियापदावरून कर्ता कळतो, जसं आपण "आलो", "आलास" म्हणतो. "मला द्राक्षं आवडतात" या वाक्यात आपलं क्रियापद द्राक्षांप्रमाणे बदलतं, त्यांचंही तसंच बदलतं. इंग्रजीतून शिकवणाऱ्या पुस्तकात यासाठी अख्खा धडा आहे, मला दोन ओळींत कळलं. म्हणून माझा सल्ला आहे, व्याकरणाची टिपणं मराठीतच काढा. चिलीचे लोक शब्दाच्या शेवटचा "स" गिळतात, ते ऐकायला अजून जड जातं. पेरूचं बोलणं मला स्वच्छ वाटलं, म्हणून कान त्यावरच तयार करतेय.

स्पॅनिशची परीक्षा द्यायची तर डेले. ती इन्स्टिट्यूटो सर्व्हांतेस घेते, त्यांचं केंद्र दिल्लीत आहे. पातळ्या अगदी सुरुवातीच्या ए१ पासून सगळ्यात वरच्या सी२ पर्यंत, बोलण्याची परीक्षा प्रत्येक पातळीला, आणि प्रमाणपत्राला मुदत नाही. जर्मनच्या पातळ्याही ए१ ते सी२ अशाच, त्यामुळे मुलगी आणि मी रात्री जेवणानंतर एकाच टेबलाशी बसतो. नानांनी हॉलंडचा हट्ट सोडलाय. आता विचारतात, पेरूवाले एकरी किती माल काढतात?

पिउराच्या बागायतदाराला विचारायचे प्रश्न मी वहीत उतरवून ठेवलेत. काडीवर किती डोळे ठेवता? विरळणीला माणसं कुठून आणता? हे दोन्ही आता मला बोलता येतात. तिसरा प्रश्न असा: काढणी तोंडावर असताना पाऊस आला नसता, तर तुम्ही काय केलं असतंत? त्यासाठी लागणारी क्रियापदाची रूपं बी२ ला शिकवतात, आणि माझं सध्या ए२ चाललंय.