स्टिक केसभर हलली की क्वाड छताला: थ्रॉटलचा लॉग

माझं ६५ मिमीचं क्वाड (चार प्रॉपचा छोटा ड्रोन) थ्रॉटलच्या, म्हणजे मोटर्सना जोर देणाऱ्या स्टिकच्या, बाबतीत फार उतावीळ झालं होतं. स्टिक केसभर वर गेली की छत, केसभर खाली आली की जमीन. बॅटरीसकट वजन २६ ग्रॅम, १एस (एका सेलची) बॅटरी, ३१ मिमीचे प्रॉप (पंखे). १९,००० केव्हीच्या (केव्ही म्हणजे दर व्होल्टला मिनिटाचे फेरे) नव्या मोटर्स बसवल्यापासून हे सुरू झालं, म्हणजे वजनाच्या मानाने ताकद जास्त झाली हे उघड होतं. पण ती ताकद मला हवी आहे. फक्त ती बोटांना झेपेल अशी यायला हवी.

आधी रिमोट तपासला. प्रॉप काढून बीटाफ्लाइटचा, म्हणजे क्वाड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, रिसीव्हर टॅब उघडला. थ्रॉटल तळाला ९८८ आणि वर २०१२ दाखवत होता. रिमोटमधले एंडपॉइंट (दोन टोकांचे आकडे) बदलून १००० ते २००० करून घेतलं. त्याने थ्रॉटल मऊ होत नाही, पण पुढचे आकडे विश्वासाचे होतात. मग स्टिक मध्येच सोडून आकडा बघत बसलो. एक-दोनने हलत होता, म्हणजे गिंबल (स्टिक ज्यावर फिरते तो भाग) ठीक. हात लावलेला नसताना आकडा पंधरा-वीसने नाचत असेल, तर सेटिंगमध्ये शिरूच नका, आधी गिंबल बघा.

रिमोटमध्ये एक चोर मात्र सापडला. जुनं मॉडेल कॉपी करून हे बनवलं होतं आणि त्यासोबत थ्रॉटलवरचा जुना कर्व्हही (स्टिक किती हलली की थ्रॉटल किती, हे ठरवणारी वक्ररेषा) आला होता. तो काढला. कर्व्ह एक तर रिमोटमध्ये असावा नाही तर क्वाडमध्ये. दोन्हीकडे असला की कोणता आकडा कशामुळे बदलला हे कळेनासं होतं.

दुसरी गोष्ट, थ्रॉटल पूर्ण खाली घेतला तरी क्वाड उतरायला कुरकुर करत होतं. एका प्रॉपच्या कडेला बारीक खाच होती. एअरमोड या सेटिंगमध्ये थ्रॉटल शून्यावर असतानाही पीआयडीचं, म्हणजे तोल सावरणाऱ्या गणिताचं, काम चालू असतं. थरथर असेल तर प्रत्येक दुरुस्तीसाठी कुठल्या ना कुठल्या मोटरचा वेग वाढवावा लागतो, आणि आयडलच्या (किमान वेगाच्या) खाली कोणत्याच मोटरला जाता येत नाही. म्हणून एकूण उचल वाढते. प्रॉप बदलला, ते थांबलं.

आता मुख्य काम. हॉवर, म्हणजे एकाच उंचीवर तरंगणं, नेमकं किती टक्के थ्रॉटलवर होतं, हे मी इतके दिवस मोजलंच नव्हतं. भरलेली बॅटरी जास्त जोर देते, उतरलेली कमी, म्हणून आधी हा फरक भरून काढणारं सॅग कॉम्पेन्सेशन १०० केलं. मग ओएसडीवर (व्हिडिओवर आकडे दाखवणारी सोय) थ्रॉटलचा आकडा लावून, जमिनीपासून वर, छातीच्या उंचीवर तीन बॅटऱ्या नुसतं तरंगत ठेवलं. २५ च्या आसपास. म्हणजे स्टिकच्या खालच्या चतुर्थांशातच माझा सगळा खेळ.

हे मोजण्याआधी मी क्वाडमधल्या कर्व्हचा एक्स्पो (कर्व्ह किती वाकवायचा) ०.५० करून बघितला होता, मिड (कर्व्ह कुठे सर्वात मऊ ठेवायचा) ०.५० वर तसाच ठेवून. क्वाड आणखी बिथरलं होतं. का, ते कागदावर मांडल्यावर उलगडलं. कर्व्हचा चढ, म्हणजे स्टिक जरा हलली की थ्रॉटल किती पट बदलतो, तो मिडपाशी १ वजा एक्स्पो इतका असतो, म्हणजे इथे निम्मा. पण दोन्ही टोकांना तो १ अधिक दुप्पट एक्स्पो होतो, म्हणजे इथे २. मिड ०.५० वर असताना माझं हॉवर सरकून स्टिकच्या १६ टक्क्यांवर गेलं, आणि तिथे चढ साधारण १.२. एक्स्पो लावून मी थ्रॉटल अधिक तिखट केला होता!

मिड ०.२५ केला आणि एकदम फरक पडला. कर्व्ह मिडच्या बिंदूतूनच जातो, त्यामुळे हॉवर २५ वरच राहिलं आणि तिथला चढ ०.५ झाला. पण तळाचा चढ २ होता, तो उतरताना जाणवायचा. शेवटच्या वीतभर उंचीवर क्वाड धपकन बसायचं.

म्हणून थ्रॉटल लिमिट वापरलं, स्केल प्रकारात (सगळा थ्रॉटल त्याच प्रमाणात कमी करणारा), ७० टक्के. क्लिप या दुसऱ्या प्रकाराचा इथे उपयोग नाही, तो फक्त वरचा भाग कापतो, खालचा आहे तसाच राहतो. मोटर आउटपुट लिमिटही नको, त्याने पीआयडीची ताकदही कमी होते. थ्रॉटल लिमिटमध्ये तोल सावरायला मोटर्सना पूर्ण मोकळीक असते. स्केल लावल्यावर हॉवर २५ भागिले ०.७, म्हणजे ३६ वर आलं. मिड पुन्हा ०.३६ करावा लागला, हे विसरू नका. एक्स्पो ०.३५ वर आणला. आता हॉवरपाशी एकूण चढ ०.४५ च्या आसपास, आणि टोकांना २ ऐवजी जेमतेम १.२.

गिंबलच्या पाठीमागची खरखर करणारी पट्टी काढून गुळगुळीत बसवली, आणि स्टिकचं टोक ३ मिमी उंच केलं. तेवढ्याच कोनासाठी बोट जास्त सरकतं. चिमटीत धरणाऱ्यांना याचा विशेष फायदा होईल.

काल खुर्चीच्या पायांमधून सलग सहा वेळा गेलो, उंची वीतभरही हलली नाही. फार आनंद झाला. फक्त थ्रॉटल सोडून उंचावरून पडू दिलेलं क्वाड पुन्हा जोर देऊन सावरताना ७० थोडं कमी पडतंय. पुढच्या बॅटरीला लिमिट ७५, मिड ०.३३.